माझा दगड पाहजो

आमच्या अड्ड्यावर नंबर दगडानं लागतो. वर्ध्यात धान्य बाजाराच्या मागे एक रस्ता आहे. तिथे कडुनिंबाच्या सावलीत पंधरा-वीस लोडिंग ऑटो उभे असतात. सकाळी जो येईल त्यानं आपला दगड नालीच्या काठावर रांगेत ठेवायचा. दुकानातून माल न्यायचं बोलावणं आलं, की ज्याचा दगड पहिला त्याची गाडी जाते. जाताना तो आपला दगड उचलून नेतो आणि परत आल्यावर रांगेच्या शेवटी ठेवतो. वही नाही, पावती नाही, आणि मी आहे तेव्हापासून तरी या रांगेवरून कोणाचं डोकं फुटलेलं नाही.

दगड ज्यानं त्यानं आणलेला असतो. माझा पवनारला धाम नदीच्या पात्रातून आणलेला, काळा आणि गुळगुळीत. माझ्या मित्राचा लालसर, एका बाजूनं तुटका. दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाही, हा तिथला कायदा. त्यात एकच सवलत आहे. कोणाला जेवायला, दवाखान्यात, कुठे कामाला जायचं असेल तर तो एका माणसाला सांगून जातो, "माझा दगड पाहजो." मग त्याचा नंबर आला की पाहणाऱ्यानं मोठ्यानं ओरडायचं, "येऊन राह्यला!" तो माल मागच्या गाडीला मिळतो, पण दगड पहिल्या जागेवरून हलत नाही. पाहणारा ओरडला नाही तर मात्र दगड शेवटी जातो, आणि सकाळपासूनचं उन्हातलं थांबणं फुकट जातं.

अठरा वर्षं माझा दगड त्यानं पाहिला आणि त्याचा मी. दुसऱ्या कोणाला आम्ही कधी सांगितलं नाही. अड्ड्यावर आम्हाला नवरा-बायको म्हणायचे आणि त्यातली बायको कोण यावर रोज वाद व्हायचा. पोळ्याला मी त्याच्या घरी जेवायला, जयंतीला तो माझ्या घरी. त्याचा आवाज असा, की "येऊन राह्यला" म्हणाला तर तीन गल्ल्या पलीकडे जेवणारा माणूस ताटावरून उठायचा. मी तापट. माझं कोणाशी वाजलं की तोच मध्ये पडायचा आणि मला ओढत चहाच्या टपरीवर न्यायचा.

मी बी.ए. झालेला आहे. त्याचा आयुष्यात झालेला उपयोग एवढाच, की अड्ड्यावरचे सगळे अर्ज मी लिहायचो. हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या हातानं लिहिलेल्या एका अर्जापासूनच हे सगळं सुरू झालं.

बाजाराच्या मोठ्या गल्लीत एका माडीवर लहान मुलांचा दवाखाना आहे. माझी मुलगी लहान असताना त्याच दवाखान्यात तोंडाला मास्क लावून वाफ घेत बसलेली असायची. आता ती नोकरीला लागली, पण तिथल्या डॉक्टरबाई मला ओळखतात. एकदा खाली तेलाचे डबे उतरवत होतो, गाडी चालूच होती. आम्ही गाडी बंद करत नाही, बंद केली की स्टार्टर रुसतो. बाईंनी मला वर बोलावलं. खिडकीचा पांढरा पडदा हातात धरून म्हणाल्या, "दादा, हा सोमवारी धुतला. आज गुरुवार आहे." मी बोट फिरवलं. बोट काळं झालं. त्या रागावल्या असत्या तर मीही चार शब्द बोललो असतो, मला ते जमतं. पण त्यांनी ड्रॉवरमधून कापूस काढून बोट पुसायला दिला. खाली येईपर्यंत मी मेल्यासारखा झालो होतो.

त्याच सुमारास गल्लीतल्या व्यापाऱ्यांनी बैठक घेतली. गिऱ्हाईक धुरानं वैतागलं होतं, बायका गल्लीत यायला मागत नव्हत्या. ठरलं असं, की दुकानं उघडल्यापासून संध्याकाळपर्यंत गल्लीत फक्त बॅटरीच्या गाड्या माल आणतील. अड्ड्यावरचे पाच जण अशा गाड्या घेतील तर गल्लीचा सगळा माल त्यांनाच. मी त्याच आठवड्यात अर्ज लिहिला. आम्ही खाली सह्या करणारे पाच जण अमुक अमुक गाड्या घेण्यास तयार आहोत, वगैरे. भाषा चांगली उतरली होती. पहिली सही माझ्या मित्राची, दुसरी माझी, मग तिघांच्या.

खरी अडचण चार्जिंगची होती, आणि तीही त्यानंच सोडवली. अड्ड्यापासून दहा पावलांवर त्याच्या वडिलांची पिठाची चक्की होती. ती बंद पडून वर्षं झाली, टिनाचं शेड तेवढं राहिलं होतं. "चक्कीची लाइन हाये न," तो म्हणाला. "पाची गाड्या आरामात लागतीन. दुपारी जेवाचं, गाड्या चार्जिंगले लावाच्या, दगड डोयासमोर. अजून काय पाह्यजे तुले?" मला अजून काहीच नको होतं.

मग एक दिवस तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "पयले तू घे. तू शिकलेला हायेस, तुले त्यातलं समजते. आमी मागून येतोच." आणि माझी जुनी गाडी काढून टाकायलाही त्यानंच सांगितलं. "घरी दोन गाड्या राह्यल्या तं तुहं मन जुन्या गाडीतच राहीन."

ते मला पटलं. जुन्या गाडीवर माझा जीव होता. तिच्या मागच्या फाळक्यावर माझ्या मुलीनं शाळेत असताना निळं कमळ काढलं होतं, थोडं वाकडं, एक पाकळी जास्त मोठी. एका दलालानं गाडी नेली. आर्वीकडच्या कोणासाठी घेतली म्हणाला. गाडी गेली त्या दिवशी मी पानठेल्यावर उगाच उभा राहिलो.

नवी गाडी आणली तेव्हा अख्खा अड्डा गोळा झाला. हार घातले, नारळ फोडला, पेढे वाटले. त्यानं समोर लिंबू-मिरची बांधली. मी असलं काही मानत नाही आणि ते त्याला माहीत होतं. तरी मी बांधू दिली, कारण बांधणारा तो होता. त्या दिवशी हार घालणाऱ्यांत सह्या करणारे बाकीचे तिघंही होते. त्यांचे हसरे चेहरे मला अजून नीट आठवतात, आणि आठवले की आजही डोकं फिरतं.

गाडी चांगली होती. आवाज नाही, धूर नाही, संध्याकाळी नाक पुसलं तर रुमाल पांढरा. पण आमच्या बाजारात माल किलोत मोजून गाडीत ठेवत नाहीत, गाडीभर ठेवतात. गाडीभर म्हणजे मागचं चाक जेवढं सोसेल तेवढं आणि वर आणखी चार पोती. जुनी गाडी ते सगळं कण्हत-कुथत ओढायची. नवीत तेवढा माल टाकला की ती रेल्वेच्या पुलाच्या चढावर मुंगीच्या चालीनं चालायची. मागचे हॉर्न मारायचे. मी हमालांना म्हणायचो, बस करा, तर शेठ गल्ल्यावरून ओरडायचे, "गाडी आहे का खेळणं आहे, भाऊ?" एका खेपेचं काम दोन खेपांत करायचं तर दुसरी खेप शेठला माझी चूक वाटायची. बैठकीत धुरावर भाषण करणारे हेच शेठ.

आर्वीचा माल मी सोडूनच दिला. देवळीला एकदा जाऊन आलो, तर परतीच्या वाटेवर अर्धा जीव बॅटरीच्या काट्याकडे. उन्हाळ्यात तर ती समोरच्या पडद्यावर तापल्याचा लाल दिवा दाखवायची आणि मी रस्त्याच्या कडेला झाड शोधायचो. वर्ध्याच्या मे महिन्यात माणसाला झाड सापडत नाही, गाडीला कुठून सापडणार?

हे सगळं मी सोसलं असतं. सगळे पाच जण असते तर हमालांनाही सवय झाली असती, शेठांनाही. पाच जणांनी एका आवाजात नाही म्हटलं असतं, तर पोती आपोआप कमी झाली असती. एकट्यानं नाही म्हटलं की तो कामचुकार ठरतो.

बाकीचे मागून येणार होते. पण दिवाळी झाली, मग लग्नसराई आली, मग एकाच्या घराचं काम निघालं. चक्कीच्या शेडमधलं चार्जिंगही होत नव्हतं. "मीटर बापाच्या नावावर हाये," तो म्हणायचा, "बदलवा लागते." मग वायरमन गावाला गेला. मग चक्कीचं भंगार आत पडलं होतं, ते काढायचं होतं. मी म्हटलं, मी येतो, दोघं मिळून अर्ध्या दिवसात काढू. तर तो जवळजवळ ओरडलाच, "नाई! तुही पाठ दुखते. तू हात लावू नको." मला तेव्हा त्याचं प्रेम वाटलं. हे लिहिताना स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते.

म्हणून रोज दुपारी मी नालवाडीला घरी जायचो आणि दोन-अडीच तास गाडी चार्जिंगला लावायचो. जाताना म्हणायचो, "माझा दगड पाहजो." तो म्हणायचा, "जा बे, बिनधास्त जा." परत यावं तर माझा दगड शेवटी. "मीच माल घेऊन गेलतो," तो सांगायचा, "ओरडायले कोन होतं अठी?" दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी म्हणायचा, "म्या ओरडलो, पन हमालानं आयकलंच नाई." मी चिडायचो, पण हमालावर. घरी बायको म्हणायची, "दुपारी जाऊ नका. रोजचा नंबर चाल्ला." मी तिला समजावून सांगायचो, की तिथं माझा माणूस आहे. मग ती भाजी चिरत बसायची.

कळलं ते डॉक्टरबाईंकडून. त्यांच्या दवाखान्याची औषधांची खोकी मी सकाळी पोहोचवायचो. एक दिवस त्यांनी सही केली आणि पेन खाली ठेवत म्हणाल्या, "दादा, तुम्ही बॅटरीची गाडी घेतली म्हणून मी सगळ्यांना सांगते. मग दुपारी ती धुराची कशाला आणता?"

मी म्हटलं, "मी दुपारी नसतोच, मॅडम. कोणी बाहेरचा असेल."

"नाही हो. तुमचीच. मागे ते निळं कमळ आहे न."

मला वाटलं, कमळं काय, हजार गाड्यांवर असतात. पण बाईंनी हातानं हवेत ती मोठी पाकळी काढून दाखवली. म्हणजे इतके दिवस त्या समजत होत्या, की मी सकाळी साजूक आणि दुपारी धूर सोडणारा. तरी रोज सकाळी त्यांनी मला पाणी विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखा म्हणालो, "माझा दगड पाहजो." तो म्हणाला, "जा बे." मी गाडी काढली, वळसा घातला आणि मागच्या बाजूनं येऊन एका शिंप्याच्या दुकानात उभा राहिलो. तिथून अड्डा दिसतो. शिंपी ओळखीचा. तो मशीन चालवत राहिला. माझ्याच अड्ड्याकडे चोरून पाहताना मला लाज वाटत होती आणि मनात एकच होतं, की बाईंची चूक निघावी.

माझा दगड दुसरा होता, त्याचा तिसरा. पहिला उठला. थोड्या वेळानं गल्लीतून हमाल आला आणि म्हणाला, "साबन-तेल हाये, बॅटरीवाली पाठवा." आता तो ओरडणार, असं मला खरंच वाटलं. मी कान टवकारले. तो ओरडला नाही. हमालाला एवढंच म्हणाला, "बॅटरी उतरली त्याची." मग वाकला, माझा काळा दगड उचलला आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला. हळूच ठेवला, आवाज न करता. मग शर्टाच्या खिशातून किल्ली काढून चक्कीच्या शेडकडे गेला. दार उघडलं आणि आतून माझी गाडी बाहेर आली. आर्वीला गेलेली माझी गाडी.

कमळ तसंच होतं. रंग थोडा उडाला होता.

पण त्याहून वाईट गोष्ट दुसरी होती. झाडाखाली तेव्हा दहा-बारा जण होते. सह्या करणारे तिघं होते. चहावाली मावशी होती. गाडी शेडमधून बाहेर आली तेव्हा त्यांच्यापैकी कोणीही मान वर करून पाहिलं नाही. रोजच्या गोष्टीकडे कोण पाहतं? एकजण तर पत्ते पिसत होता.

गाडी गल्लीच्या तोंडाशी गेली. व्यापाऱ्यांनीच लावलेली "फक्त बॅटरीची वाहने" अशी पाटी तिथे आहे. तिच्या खालून ती गेली आणि कोणी अडवली नाही. मी शेडमध्ये गेलो. भंगार नव्हतंच. फरशी झाडलेली, मधोमध तेलाचे डाग. भिंतीवर चार्जिंगचा नवा बोर्ड बसवलेला होता. म्हणजे सुरुवातीला कधीतरी त्याच्या मनात होतं. बोर्डाच्या खिळ्याला त्याचा जुना शर्ट टांगलेला होता. माझ्या नव्या गाडीची जागा माझ्याच जुन्या गाडीनं अडवली होती, आणि मी मात्र वायरमन गावाहून परत यायची वाट पाहत होतो.

तो परत आला तेव्हा मी दारातच उभा होतो. गाडी बंद न करता तो खाली उतरला.

"आर्वीले गेली न ही गाडी?" मी विचारलं.

"चांगली गाडी होती गड्या, माही तं चढावर बंद पडते," तो म्हणाला. "दुसऱ्यानं नेली असती तं तुलेच वाईट वाटलं असतं."

माझा तोल गेला. काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तो म्हणाला, "ओरडू नको, लोकं पाहून राह्यले."

"लोकांले तं पयलेपासूनच माहीत हाये!"

तो खाली पाहत म्हणाला, "खरं सांगू? तुले 'पयले तू घे' म्हनलं, त्याच्या आदल्या दिवशी आमी चौघं बसलो होतो. ठरलं, का पयले तुले घेऊ द्याची. सालभर पाह्याचं. जमली तं आमी बी घेऊ."

"आन् नाई जमली तं?"

"नाई जमली तं एकच बुडन."

हे तो वाईटपणानं म्हणाला नाही. हिशेबी माणूस सरळ गोष्ट सांगतो तसं म्हणाला. वर मला समजावणीच्या सुरात म्हणाला, "कोनाले तरी पयले जा लागतेच न." हार घालताना त्याला हे ठाऊक होतं. लिंबू-मिरची बांधताना ठाऊक होतं. पेढा माझ्या तोंडात घालताना ठाऊक होतं. इतरांचं मी एक वेळ समजू शकतो, ते शेजारचे दगड होते. शेठांचं तर मला काहीच वाटत नाही, त्यांना पाटीही पाहिजे आणि पोतीही पाहिजेत. पण मला बुडायला पाठवून जो काठावर बसला, त्याच्याच हाती मी माझा दगड देऊन जात होतो. रोज. स्वतः सांगून.

"अन् दगड?" मी विचारलं. "दगड काऊन हलवला?"

गाडीचं त्याच्याजवळ कारण होतं, सहीचं कारण होतं. दगडाचं नव्हतं. तो गाडी शेडमध्ये घालायला गेला.

त्यानंतर मी अड्डा सोडला नाही. कुठे जाणार? नवी गाडीही विकली नाही. दवाखान्याची खोकी, एका बेकरीचे पाव, शाळेच्या वह्या, असा हलका माल गोळा करून मी ती चालवतो, आणि पोती कमी ठेवायला सांगितल्यावर बोलणारा शेठ भेटला की मीही बोलतो. डॉक्टरबाईंना मी खरं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही तरी बंद करू नका, दादा." पडदा अजून काळा होतो. पूर्वी गुरुवारपर्यंत व्हायचा, आता कदाचित शनिवारपर्यंत होत असेल. मी विचारत नाही.

दुपारी नालवाडीला जाताना मी आता दगड उचलून सीटवर ठेवतो आणि परत आल्यावर रांगेच्या शेवटी ठेवतो. पहिल्या दिवशी बायकोनं दारातच तो पाहिला. "आता दगडालेबी चार्जिंग लावता का?" म्हणाली. मी हसलो नाही, तेव्हा तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि ओट्यावर नीट ठेवला.

त्याचं-माझं बोलणं बंद होतं. समोरासमोर आलो तरी तो झाडाच्या त्या बाजूला आणि मी या बाजूला. आता ती गाडी तो लपवत नाही, उघड रांगेत लावतो. असे तीनेक महिने गेले. मग मागच्या महिन्यात एक दिवस सकाळी अकराच्या सुमारास त्याचा फोन वाजला. देवळीला त्याची आई मोरीत पडली होती. त्यानं फोन कानाला लावूनच कोणाची तरी मोटरसायकल मागितली, किक मारली, आणि निघता निघता मान वळवून माझ्याकडे पाहून म्हणाला, "माझा दगड पाहजो."

अठरा वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं असणार. पण सवय काही एकट्या त्याचीच नव्हती. मी म्हटलं, "जा बे, बिनधास्त जा."

तो गेला आणि मग मला कळलं मी काय बोललो ते. अड्ड्यावरचे सगळे माझ्याकडे पाहू लागले. त्याचा लाल दगड तिसरा होता. दोन गाड्या गेल्या आणि तो पहिला आला. चहावाली मावशी ग्लास धुवायची थांबली. हमाल आला आणि म्हणाला, "डाळीचे कट्टे हायेत, कोन येते?"

मला फक्त गप्प बसायचं होतं. हात लावायची गरज नव्हती, खोटं बोलायची गरज नव्हती. मी गप्प बसलो असतो तर नियमाप्रमाणे दगड शेवटी गेला असता, आणि अड्ड्यातल्या एकाही माणसाला मला बोलायची सोय नव्हती. गेले तीन महिने मी मनात हेच घोळवत होतो, की कधीतरी त्याचा दगड माझ्यासमोर असा यावा.

"येऊन राह्यला!" मी ओरडलो. माझा आवाज त्याच्यासारखा नाही, मध्येच फाटतो. पण सगळ्यांनी ऐकला. माल मागच्या गाडीला गेला.

असा मी पाच वेळा ओरडलो. जेवणाची वेळ टळली. माझी बॅटरी उतरत आली होती, तरी नालवाडीला गेलो नाही. मधल्या काळात माझाही नंबर आला. मी माल घेऊन गेलो असतो तर त्याच्या दगडासाठी ओरडायला कोणी उरलं नसतं. मी हमालाला म्हटलं, मागच्याला दे, आणि माझा दगड उचलून सीटवर ठेवला. हे मी का केलं ते मला सांगता येत नाही. मनातून त्याला शिव्या देत होतो आणि दगडाजवळून उठत नव्हतो.

तो चारच्या आसपास आला. आईचा हात मोडला होता, बाकी ठीक होतं, हे त्यानं मावशीला सांगितलं. मग रांगेपाशी आला. त्याचा दगड पहिला होता. त्यानं तो पाहिला. मी नालीच्या काठावर बसलो होतो, त्याच्यापासून चार हातांवर. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. बोलला असता तर मी काय केलं असतं कोण जाणे, शिवी दिली असती किंवा रडलो असतो.

तेवढ्यात गल्लीतून हमाल आला. साखरेची पोती होती, गाडीभर. मित्रानं आपला दगड उचलून खिशात टाकला, निळ्या कमळाच्या गाडीत बसला आणि स्टार्टर मारला. धुराचा लोट माझ्या तोंडावर आला. रांगेत माझा दगड नव्हता हे त्याला दिसलंच असणार, अठरा वर्षं त्याची नजर सगळ्यांत आधी तिथेच जायची. तुझा दगड कुठे आहे, हे त्यानं विचारलं नाही.